जाईल की आरामात!

पुलाखालून बोट जाईल की नाही हे काढायला तिसरीतल्या वजाबाकीपलीकडे काही लागू नये. पाण्यापासून कमानीपर्यंतची उंची मांडायची, त्यातून बोटीचा पाण्यावर दिसणारा भाग वजा करायचा. बाकी उरली तर जायचं, नाही उरली तर काठाला लागून चहा ठेवायचा. पंचाईत होते ती बाकी शून्य आल्यावर. आणि बाकी नेहमी शून्याच्याच आसपास येते. ज्या पुलाखालून बोट अंबारीच्या हत्तीसकट जाईल, त्या पुलाकडे कुणी मान वर करून बघत नाही. गर्दी जमते, मतं पडतात, कागद-पेन्सिली निघतात त्या दोन इंचांच्या पुलापाशी.

असा एक नामांकित दोन इंची पूल इंग्लंडात नॉरफक परगण्यात आहे. गावाचं नाव पॉटर हायम, नदीचं नाव थर्न. पूल चौदाव्या शतकातला मानतात. मधली कमान अर्धगोल, दोन्ही बाजूंच्या लहान कमानी टोकदार. पाणी भरतीच्या नेहमीच्या पातळीला असताना मधल्या कमानीखाली जागा उरते साडेसहा फूट. आमच्या चाळीतल्या जिन्याखालच्या खोलीला याहून जास्त उंची होती आणि तिथे फक्त सायकली ठेवत.

पुलाच्या पलीकडे हिकलिंग ब्रॉड हे त्या भागातलं सर्वांत मोठं तळं आणि हॉर्सीची जुनी पवनचक्की आहे. म्हणजे सगळी मजा पलीकडे. अलीकडे बोटयार्ड, आइस्क्रीमची गाडी, बदकं आणि ‘जाईल का?’ म्हणून विचारणारे लोक.

या प्रदेशाला ब्रॉड्स म्हणतात. नद्या आणि त्यांना लागून पसरलेली उथळ तळी, सगळा मिळून सुमारे दोनशे किलोमीटरचा जलमार्ग. सुट्टीत लोक इथे आठवडाभर बोट भाड्याने घेऊन तिच्यातच राहतात. परवाना लागत नाही. आपल्याकडे स्कूटरच्या लायसन्ससाठी आठाचा आकडा काढून दाखवावा लागतो. इथे अर्धा तास तोंडी शिकवणी देऊन दहा मीटर लांबीची, स्वयंपाकघर-संडासासह बोट तुमच्या स्वाधीन करतात आणि हात हलवून निरोप देतात. ब्रेक कुठे आहे हे आमच्या हिने विचारलं. बोटीला ब्रेक नसतो, हे कळल्यावर तिने जी देवाची आठवण काढली ती शेवटच्या दिवसापर्यंत सोडली नाही.

लेक-जावई तिकडे असल्यामुळे हा योग आला. आम्ही दोघं, ते दोघं, शिवाय माझी थोरली बहीण आणि भाऊजी. भाऊजी सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. पूल म्हटला की त्यांच्या अंगात येतं. ताई हर्णैकडे नांदायला गेली ती तिकडचीच झाली. समुद्राचं तिला इतकं कळतं की, भरती-ओहोटीवरून ती घरातल्या माणसांच्या मनःस्थितीचेही अंदाज बांधते. जावई संगणकातले. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं ॲप असतं. बोट चालवत होती लेक, कारण शिकवणी चालू असताना फक्त तीच लक्ष देऊन ऐकत होती.

ब्रॉड्सबद्दलची एक माहिती भाऊजींना फारच भावली. ही निसर्गरम्य तळी निसर्गाने केलेलीच नाहीत. मध्ययुगात लोकांनी जळणासाठी दलदलीतला पीट, म्हणजे कुजक्या वनस्पतींचा वाळवून जाळता येणारा थर, शेकडो वर्षं खणून काढला. पुढे समुद्राची पातळी चढली आणि त्या खणलेल्या जागांत पाणी भरलं. हे सिद्ध झालं १९५०च्या दशकात, जॉइस लॅम्बर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनातून. तोवर सगळे निसर्गाचे आभार मानत होते.

“म्हणजे खड्डेच की हे!” भाऊजी म्हणाले. “वेळच्या वेळी बुजवले असते तर आज यांचं पर्यटन कुठे असतं?”

खात्यात असताना खड्ड्यांवरून ऐकलेल्या सगळ्या बोलण्यांचं त्या दिवशी उट्टं निघालं. भेटेल त्या प्रवाशाला ते हे ऐकवत होते.

पुलापाशी पोचलो तेव्हा वजाबाकी करायची ठरली. बोटीत सुकाणूच्या वर एक पाटी होती. पुढची काच आडवी पाडून आणि कापडी छत खाली घेतल्यावर बोटीची पाण्यावरची उंची सहा फूट चार इंच. पुलाचे साडेसहा फूट. बाकी दोन इंच. जावई म्हणाले, “जाईल की आरामात.”

आपल्यात हे वाक्य फार लवकर निघतं. रिक्षात चौथा माणूस, जिन्यातून कपाट, लग्नाच्या हॉलमध्ये आणखी शंभर पानं, सगळं आरामात जातं. ‘आरामात’ हा शब्द ज्या गोष्टीला आराम मुळीच मिळणार नाही तिलाच वापरायचा अशी रीत आहे.

भाऊजींनी हात वर केला. “साडेसहा फूट कुठून कुठवर मोजलेत?”

प्रश्न बिनतोड होता. पुलाच्या पाटीवरचा आकडा दगडापासून दगडापर्यंतचा नसतो, पाण्यापासून दगडापर्यंतचा असतो, आणि पाणी काही सरकारी नोकरीत नाही एका जागी बसायला. साडेसहा फूट हे ‘नेहमीच्या भरतीला’. आजची भरती नेहमीची आहे का? पाऊस झाला होता का? वारा कुठला आहे? पॉटर हायमला भरतीने पाणी चढतं ते वीतभरसुद्धा नाही, कारण समुद्राचं पाणी यारमथ बंदराच्या मुखातून आत शिरून नदीची वळणं घेत घेत इथवर यायला काही तास लागतात आणि येताना त्याचा जोर सरतो. पण उत्तर समुद्रावर उत्तरेचा वारा दोन दिवस वाहिला की समुद्र मुखाशी पाणी दाबून धरतो, नदीला उतरायला जागा मिळत नाही आणि आत सगळीकडे पातळी चढून बसते. मग पंचांगात भरती असो नसो, पुलाखालची जागा कमी.

म्हणून पुलाच्या दोन्ही बाजूंना पाण्यात उभ्या पट्ट्या रोवलेल्या आहेत. ही पट्टी वाचायला जावयांना वेळ लागला. आपल्याकडे नदीकाठच्या पट्टीवर पाणी चढलं की आकडा वाढतो. इथे उलटं. पाणी चढलं की आकडा उतरतो, कारण ही पट्टी पाणी किती आहे ते सांगतच नाही, कमानीखाली जागा किती उरली तेवढंच सांगते. इतकी कामापुरतं बोलणारी सरकारी पाटी मी दुसरी पाहिलेली नाही. त्या सकाळी पट्टी सहा फूट सात म्हणत होती. बाकी दोनावरून तीन इंचांवर गेली. जावयांनी ‘बघा’ अशा नजरेने सगळ्यांकडे बघितलं.

“उंची झाली,” भाऊजी म्हणाले, “आता खांदे.”

आणि त्यांनी वही काढली.

अर्धगोल कमानीची उंची म्हणजे बरोबर मधली उंची. मधून बाजूला सरकलं की कमान खाली येत जाते. बोटीचं छप्पर मात्र चौकोनी, पावाच्या लादीसारखं सपाट. ते मध्ये लागत नाही, दोन्ही कोपऱ्यांना लागतं. भाऊजींनी हिशेबापुरती कमान तीन मीटर त्रिज्येची धरली. मध्यापासून दीड मीटर बाजूला गेलं तर उंची उरते दोन मीटर साठ, म्हणजे चाळीस सेंटीमीटर गेले. बोट नेमकी मधून न जाता फूटभर एका अंगाला सरकली, तर त्या अंगाला आणखी वीस गेले. “म्हणजे,” भाऊजींनी पेन्सिल वहीवर ठेवली, “एक फूट चुकलात की आठ इंच गमावलेत. पायथागोरस तिकीट काढून बसलाय या कमानीत.”

तुमचे तीन इंच कुणाला हवेत, असा त्याचा अर्थ. जावयांनी ॲप उघडलं. ॲपमध्ये कमानीचे खांदे नव्हते.

ताई इतका वेळ कालनिर्णय बघत होती. हो, कालनिर्णय तिने इंग्लंडला आणलं होतं. नाही तर चतुर्थी कळणार कशी, हा तिचा प्रश्न. कोकणात भरतीचा हिशेब तिथीवर होतो. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनला भरती पुरी. अष्टमीला सहाला. त्यात सहा तास मिळवले की सुकती. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जाणारी माणसं याच हिशेबावर चपला हातात घेतात. यात जादू नाही. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्त उशिराने माथ्यावर येतो, भरती त्याच्या मागोमाग. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग, हेही ओघाने आलं.

ताईने पाऊणपट केली आणि जाहीर केलं की आता सुकती आहे, पाणी उतरतंय, थांबा. पट्टीशी जाऊन पाहिलं तर पाणी हळूहळू चढत होतं.

“इथला समुद्र खोटा आहे,” ताई म्हणाली.

तसं नव्हतं. तिचा नियम बरोबर होता, बंदर चुकीचं होतं. रोज पाऊण तासाने पुढे सरकायची रीत तिकडेही तीच. पण कुठल्या बंदराला पौर्णिमेची भरती किती वाजता लागते हा ठोक प्रत्येक किनाऱ्याचा आपापला असतो. आपल्या पश्चिम किनाऱ्याला तो दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या सुमाराला पडतो म्हणून नुसत्या पाऊणपटीवर निभावतं. यारमथला त्यात यारमथचे तास घालावे लागतात आणि तिथून पॉटर हायमला यायचा वेळ वेगळा. हे मी समजावून सांगितलं. ताईने माझ्याकडे धाकट्या भावाकडे बघतात तसं बघितलं आणि कालनिर्णय मिटलं. भाऊजी मात्र त्यावर खूश झाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या नियमात तास मिळवायचे असतात हे सांगण्याचं धाडस त्यांना झालं नव्हतं.

आता बोट थोडी खाली दाबता येईल का, हा विचार पुढे आला. भाऊजींनी पुन्हा वही उघडली. बोट दहा मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद. पुढचं टोक निमुळतं, म्हणून पाण्याला टेकलेलं क्षेत्र तीसेक चौरस मीटर धरू. ती एक सेंटीमीटर खाली बसायला तेवढ्या जागेतल्या पाण्याएवढं वजन, म्हणजे ३०० किलो लागतील. आम्ही सहा जण मिळून दीड सेंटीमीटरही होत नव्हतो. हिने आणलेले चिवड्याचे डबे, चकलीचे डबे, पोळ्यांची कणीक आणि कुकर धरूनसुद्धा नाही. विमानतळावर ज्या सामानाचं जादा वजनाचं भाडं भरताना जावयांचा चेहरा पडला होता, त्या सामानाने बोटीला धड दोन मिलिमीटरही दबवलं नाही.

खरं तर हे सगळं गणित आमच्या हातात नव्हतंच. ब्रॉड्सवर भाड्याची बोट घेणाऱ्याला पॉटर हायमच्या पुलाखालून स्वतः बोट नेता येत नाही. पायलट घ्यावा लागतो. रॉक्समच्या पुलालाही तोच नियम. स्वतःची बोट असेल तर तुमची हौस आणि तुमचं छप्पर. पायलट पुलाजवळच्या बोटयार्डातला असतो, आधी कळवून ठेवावं लागतं. हे आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण निर्णय दुसऱ्याच्या हातात आहे म्हणून चर्चा सोडून द्यायची, असा आपला स्वभाव नाही. तसं असतं तर निवडणुका, क्रिकेट आणि भाचीचं लग्न या तिन्हींवर आपल्याकडे शांतता असती.

पायलट येईपर्यंत वेळ होता, तेवढ्यात बाकीच्या जगाची खबर घेतो. दोन इंचांची ही चिंता फक्त भाडोत्री बोटींना असते असं नाही. ‘ओॲसिस ऑफ द सीज’ हे २००९ सालचं जगातलं सर्वांत मोठं प्रवासी जहाज. बांधलं फिनलंडमध्ये. तिथून महासागरात यायच्या वाटेवर डेन्मार्कचा ग्रेट बेल्ट पूल. पुलाखाली जागा ६५ मीटर, जहाज पाण्यावर ७२ मीटर. जहाजबांधणी करणाऱ्यांच्या हे शेवटच्या दिवशी लक्षात आलं असं समजू नका. त्यांनी धुराडी दुर्बिणीच्या नळीसारखी आत सरकतील अशीच केली होती. तरी दोनेक फुटांचंच अंतर उरत होतं, म्हणून जहाज मुद्दाम वेगाने नेलं. उथळ पाण्यात जहाज वेगात गेलं की थोडं खाली बसतं. जिथे आपण पाय ब्रेकवर ठेवू तिथे त्या कप्तानाने वेग वाढवला. अशा माणसाच्या घरच्यांना त्या रात्री झोप लागली असेल का, हे मात्र कुठल्या बातमीत आलं नाही.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर जो आतला जलमार्ग आहे, त्यावरचे बहुतेक कायमचे पूल ६५ फुटांचे. ज्याची डोलकाठी ६८ फूट, त्याने काय करायचं? काही जण शिडाच्या आडव्या दांड्याला पाण्याने भरलेल्या मोठ्या पिशव्या लटकवून तो दांडा बाहेर काढतात आणि बोट एका अंगाला कलंडवतात. वीस अंश कलली की ६८ फुटांची डोलकाठी ६४ फुटांत येते. मग ती तिरकी बोट, आत भिंतीला धरून उभे असलेले नवरा-बायको, अशी सगळी वरात पुलाखालून जाते. याच मार्गावर मायामीचा एक पूल ५६ फुटांचा आहे. त्याला किती कलावं लागेल याचं उत्तर कोसाइनने काढा, पण बायकोला सांगू नका.

ज्याच्याकडे पैसे आहेत तो आणखी वेगळा विचार करतो. २०२२ साली रॉटरडॅममध्ये बातमी फुटली की, जेफ बेझोस यांच्यासाठी बांधलेली तीन डोलकाठ्यांची शिडाची नौका बाहेर काढायला तिथला ‘दे हेफ’ हा १९२७ सालचा जुना रेल्वे पूल तात्पुरता सोडवावा लागणार आहे. दे हेफचा मधला भाग लिफ्टसारखा वर उचलता येतो, तरी डोलकाठ्यांना पुरेना. गावकऱ्यांनी नासकी अंडी घेऊन जमायचं ठरवलं. मग पूल राहिला जागेवर, आणि नौका डोलकाठ्यांशिवाय दुसऱ्याच वाटेने ओढून नेली. मला यात अंड्यांचा विजय झाल्याचा आनंद आहेच, पण डोलकाठी नंतर बसवता येते हे बोटीच्या बाबतीत नवीन नाही.

आणि हे नवीन नाही याचा पुरावा ब्रॉड्सवरच आहे. रेल्वे येण्यापूर्वी इथला माल ‘वेरी’ नावाच्या शिडाच्या बोटींतून जायचा. वेरीची डोलकाठी बुडाशी बिजागरीवर असे आणि बुंध्याला शिशाचं जड वजन बांधलेलं असे. वजन असं तोललेलं की एक माणूस डोलकाठी आडवी करू शके. कसलेला नाखवा पुलापर्यंत शीड भरून येई, ऐन वेळी शीड-डोलकाठी खाली, वेगाच्या जोरावर बोट कमानीतून पार, पलीकडे डोलकाठी पुन्हा उभी. १८९८ सालची ‘ॲल्बियन’ ही वेरी अजून पाण्यावर आहे. पूल अडवतोय म्हणून पूल तोडा असं त्या गरीब माणसांना सुचलं नाही. आपल्याकडे विसर्जनाला मूर्तीच्या ट्रकवर एक कार्यकर्ता बांबू घेऊन उभा असतो आणि वाटेतली प्रत्येक तार उचलून बाप्पाच्या मुकुटावरून पार करतो, तो त्याच जातकुळीतला. त्याच्याकडे ना पट्टी, ना पाटी. खालून शंभर जण ‘जाईल, जाईल’ ओरडत असतात, आणि तो कुणाचंही ऐकत नसतो म्हणून मूर्ती चौपाटीला पोचते.

तर पायलट आला. साठीचा, ओठात विझलेली सिगरेट, पायात रबरी बूट. भाऊजी वही उघडून पुढे झाले. त्याने वहीकडे पाहिलं नाही. बोटीवरच्या पाटीकडेही नाही. एकदा पट्टीकडे, एकदा छपराच्या कोपऱ्यांकडे बघितलं. सारं मिळून आपण घड्याळात किती वाजले बघतो तेवढा वेळ. “जाईल,” म्हणाला. मग सगळ्यांना आत बसवलं. हात आत, डोकी खाली, कुणी उठायचं नाही. भाऊजी चुळबुळत होते. सहाशे वर्षांपूर्वीच्या दगडांचा सांधा त्यांना बोट लावून बघायचा होता. ताईने त्यांचा मनगटाशी धरलेला हात तो पूल जाईपर्यंत सोडला नाही.

पायलटने बोट बरीच मागे घेतली, कमानीच्या बरोबर समोर आणली आणि आम्हाला वाटलं त्याहून जोरात सोडली. यातही कारण आहे. बोट रेंगाळली की सुकाणूचं ऐकत नाही. सुकाणूवरून पुरेसं पाणी वाहिलं तरच ती वळते. हळू गेलं की सुरक्षित, हा रस्त्यावरचा नियम पाण्यात बुडतो. उजेड गेला. दगड खिडकीशी आले. शेवाळाचा वास आला, इंजिनाचा आवाज चौपट झाला, डाव्या कोपऱ्याशी दगड एवढा जवळ आला की त्याच्या भेगेतलं कोळ्याचं जाळं मला दिसलं, आणि उजेड आला. हिने घेतलेलं रामरक्षेतलं पहिलं नाव अजून पुरं व्हायचं होतं.

“किती उरलं होतं?” भाऊजींनी विचारलं.

“पुरेसं,” पायलट म्हणाला.

भाऊजींनी वहीत ते लिहिलं नाही. पुरेसं हे एकक खात्यात चालत नाही.

उतरताना त्याने लेकीला एक गोष्ट बजावली. वारा उत्तरेकडे फिरायची लक्षणं आहेत, तीनच्या आत परत या. आतापर्यंत झालेल्या सगळ्या चर्चेत हा मुद्दा कुणी काढला नव्हता. जाईल का, यावर सकाळ गेली. परत येईल का, हे विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं. पुलापलीकडे अडकलेल्या बोटींच्या गोष्टी पॉटर हायममध्ये नेहमीच्या आहेत. सकाळी जाताना पाणी उतरलेलं, संध्याकाळी चढलेलं, आणि पलीकडून खाली यायला दुसरी वाट नाही.

हिकलिंगवर आम्ही काय पाहिलं ते सांगत बसत नाही. लव्हाळी, पाणी, आकाश आणि एक मोठं फुलपाखरू, जे ब्रिटनमध्ये बहुतेक याच भागात दिसतं असं जावयांच्या ॲपने सांगितलं. जेवायला वेळ लागला, कारण बोटीत पोळ्या करायच्या असं हिने ठरवलं होतं. परत पुलाशी आलो तेव्हा वारा फिरलेला आणि वरच्या बाजूची पट्टी सहा फूट दोन म्हणत होती. सकाळपेक्षा पाच इंच कमी. बोट सहा फूट चार. बाकी उणे दोन.

पायलट काठावर उभा होता. त्याने नुसती मान हलवली. कुणालाही कळेल अशी.

भाऊजींनी हार मानली नाही. उणे दोन इंच म्हणजे पाच सेंटीमीटर. एका सेंटीमीटरला ३०० किलो, म्हणजे दीड टन. ७५ किलोचा एक धरला तर वीस माणसं. त्यांनी काठाकडे पाहिलं. आइस्क्रीमच्या गाडीपाशी रांग होती. ते मोजायला लागले. सतरापर्यंत आले, शिवाय एक धिप्पाड गृहस्थ कुत्र्यासह होते, त्यांचे भाऊजी दोन धरत होते. “विचारून तर बघू,” ते म्हणाले, “पाच मिनिटांचं काम आहे. आइस्क्रीम आपण देऊ.”

“आतोबा,” जावई म्हणाले, “बोटीच्या कागदावर आठ माणसांचीच परवानगी आहे.”

“परवानगी,” भाऊजी विषादाने म्हणाले. असा विषाद परवानग्या देण्यात हयात गेलेल्या माणसालाच जमतो.

रात्र पलीकडेच काढली. भाजी संपली होती. चिवडा, चकली आणि चहा यांवर सहा जणांचं जेवण झालं. विमानतळावर भरलेलं जादा भाडं त्या रात्री वसूल झालं, असं ही अजून सांगते. पहाटे कधीतरी वारा पडला. सकाळी ताईने पट्टी पाहून येऊन सांगितलं, सहा फूट सहा. कालनिर्णय तिने उघडलंही नव्हतं. पायलट आला, पट्टीकडे बघितलं, कोपऱ्यांकडे बघितलं आणि आम्ही खाली आलो.

तेव्हा तिकडे जाणार असाल तर बोट भाड्याने घेतानाच तिची काच पाडून मोजलेली उंची विचारून घ्या आणि पॉटर हायमखालून ती सहसा जाते का हेही विचारा. अलीकडच्या वर्षांत तिथे पाणी चढलेलं राहतं आणि पूर्वी सहज जाणाऱ्या कितीतरी बोटी आता अलीकडेच थांबतात. पायलटला आदल्या दिवशी कळवा. तो नाही म्हणाला तर वही काढू नका. हो म्हणाला तर परतीची वेळ त्याच्याकडूनच घ्या आणि ती पाळा. आणि फराळाचं एका दिवसाचं जास्त घ्या. वजनाची फिकीर करू नका, सेंटीमीटरला ३०० किलो लागतात.